शिंपल्यांमधला संसर्गजन्य रक्ताचा कर्करोग आणि आईची वेगळी कपबशी

खाडीकाठची | शनिवार, रात्री १०:१२

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. 'शिंपल्यांना कॅन्सर होतो आणि तो एकातून दुसऱ्यात पसरतो, तिसऱ्या खाणं बंद करा.' (तिसऱ्या म्हणजे आमच्या खाडीतले खायचे शिंपले.) खाली रडके चेहरे आणि हात जोडलेले. अर्ध्या तासात एका मावशीचा प्रश्न आला, 'म्हणजे कॅन्सर पसरतोच ना? आम्ही उगाच म्हणत नव्हतो.'

त्या एका वाक्यामुळे हा धागा काढते आहे.

आईला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा मी बारावीत होते. मालवण तालुक्यातलं आमचं गाव, सगळे एकमेकांना धरून असलेले. पण आजाराचं नाव कळल्यावर एका जवळच्या घरी आईला चहा वेगळ्या कपातून यायला लागला. निळ्या काठाचा कप. चहा झाल्यावर तो मोरीत न जाता मागल्या पडवीच्या खिडकीत जायचा. आई काही बोलली नाही. पुढच्या वेळी तिथं गेल्यावर 'चहा नको, आत्ताच घेतला' म्हणाली. नंतर जाणंच थांबवलं.

कर्करोग संसर्गजन्य नसतो, हे वाक्य तेव्हापासून मी किती लोकांना किती वेळा सांगितलं असेल! आणि आता मेसेज म्हणतो की शिंपल्यांमध्ये तो पसरतो. ते खरं आहे. म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं.

मी सध्या अमेरिकेत मेन राज्यात राहते. इथं ओहोटीला चिखलात उतरून क्लॅम काढतात. शेजारच्या आजोबांबरोबर मीही जाते. आखूड दांड्याचा, वाकवलेल्या दातांचा काटा घेऊन कमरेत वाकून चिखल उलटायचा. दोन इंचांहून लहान शिंपला निघाला तर परत ठेवायचा, तसा नियम आहे. लहानपणी आईबरोबर सुकतीला मुळे, म्हणजे आपल्याकडचे एक प्रकारचे शिंपले, काढायला जायचे, त्याचीच आठवण येते. हा शिंपला मात्र आपल्यासारखा दणकट नाही. कवच पातळ, बोटाने दाबलं तर फुटेल असं, आणि लांब नळी बाहेर राहते म्हणून दोन्ही शिंपा पुरत्या मिटत नाहीत. शास्त्रीय नाव माया अरेनारिया. वाफवून खातात म्हणून इथले लोक त्याला 'स्टीमर' म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

या शिंपल्यांना ल्युकेमियासारखा आजार होतो हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. त्याआधी १९६९ मध्ये कालवांत आणि मसल जातीच्या शिंपल्यांत तसंच काही दिसल्याची नोंद आहे. शिंपल्याला आपल्यासारखं लाल रक्त नसतं. रंगहीन पाण्यासारखा द्रव अंगभर फिरतो, आणि त्यात संरक्षण करणाऱ्या पेशी असतात. आजारी शिंपल्यात याच पेशींची बेसुमार वाढ होते. द्रव गढूळ होत जातो, शेवटी दुधासारखा दिसतो. या पेशी सगळ्या अवयवांत शिरतात आणि बहुतेक वेळा शिंपला मरतो. कुठल्या खाडीत थोडे आजारी, तर कुठल्या वर्षी एखाद्या ठिकाणचे बहुतांश.

तीस-चाळीस वर्षं शास्त्रज्ञ कारण शोधत होते. प्रदूषण असेल, तेलगळती असेल, विषाणू असेल. कॅरल रायनिश या संशोधक बाईंनी या शिंपल्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. आजारी शिंपल्यांच्या द्रवात रेट्रोव्हायरसकडे (पेशीच्या डीएनएत स्वतःची प्रत घुसवणाऱ्या विषाणूंकडे) असतं तसलं एक एन्झाइम सापडत होतं. म्हणून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले स्टीफन गॉफ त्यात आले. त्यांचं आयुष्य रेट्रोव्हायरसच्या अभ्यासात गेलेलं. विषाणू काही सापडला नाही. सापडला तो डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा, जो स्वतःच्या नकला करून जनुकसंचात जागोजागी घुसतो. २०१४ मध्ये तो जाहीर झाला आणि त्याचं नाव ठेवलं 'स्टीमर'. निरोगी शिंपल्यात त्याच्या दोन ते दहा प्रती, कर्करोगाच्या पेशींत दीडशे ते तीनशे.

आणि मग जे दिसलं ते वाचताना मी रात्री दीडपर्यंत जागी होते. न्यूयॉर्क, मेन आणि कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड बेट. शेकडो मैलांवरचे शिंपले. प्रत्येकाच्या कर्करोगपेशींत स्टीमर ज्या जागी घुसला होता, त्यांतल्या कितीतरी जागा सारख्याच. मायकेल मेट्झगर आणि गॉफ यांनी मग शिंपल्याचा स्वतःचा डीएनए आणि त्याच्याच अंगातल्या कर्करोगपेशींचा डीएनए शेजारी ठेवून पाहिला. जुळेना. कर्करोग त्या शिंपल्याचा नव्हताच! सगळ्यांच्या अंगात एकाच, केव्हाच मेलेल्या शिंपल्याच्या पेशी होत्या. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे इथे पसरतात त्या खुद्द कर्करोगाच्या पेशी, मध्ये कुठलाही जंतू नाही. शिंपला पाणी गाळून खातो, तेव्हा शेजाऱ्याच्या अंगातून पाण्यात आलेल्या पेशी त्याच्या आत जातात आणि तिथं वाढतात.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. माणसात हे का होत नाही? मला ते पुस्तकातून नाही, आईच्या आजारपणातून कळलं. तिच्यासाठी बोन मॅरो लागणार होती. सख्ख्या मामाची तपासली. जुळली नाही. सख्ख्या भावंडांतसुद्धा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आपल्या प्रत्येक पेशीवर आपली अशी एक खूण असते, आणि परकी खूण दिसली की शरीर त्या पेशीला मारतं. शिंपल्यांकडे ही खूण ओळखायची आपल्यासारखी व्यवस्था नाही.

एका आईच्या पोटच्या भावाच्या पेशी जिच्या शरीराला चालल्या नसत्या, तिच्या पेशी उष्ट्या कपातून दुसऱ्या बाईच्या शरीरात जाऊन टिकतील कशा? हे मला सतराव्या वर्षी सांगता आलं असतं तर त्या पडवीत उभं राहून सांगितलं असतं.

---

तिरफळ | शनिवार, रात्री १०:५१

ताई, वाचून गप्प बसले थोडा वेळ.

माझा प्रश्न साधा आहे. आम्ही वेंगुर्ल्याचे, घरात आठवड्यातून एकदा तिसऱ्या असतातच. सासूबाईंनी पण हाच मेसेज वाचला आणि काल आणलेल्या तिसऱ्या टाकून द्यायला लावल्या. एकशिपी करायची म्हणून मी आडाळ्यावर बसून सगळ्या उघडून ठेवल्या होत्या. खायच्या की नाही?

---

खाडीकाठची | शनिवार, रात्री ११:०४

खायच्या, तिरफळ. बिनधास्त. या पेशी शिंपल्यातून शिंपल्यातच जातात. माणसाला त्यांच्यापासून आजार होत नाही, आणि शिजवल्यावर तर त्या पेशी जिवंतच राहत नाहीत. शिवाय डीएनएच्या पुराव्याने हा रोग ज्या जातींत सिद्ध झालाय त्या थंड आणि समशीतोष्ण पाण्यातल्या: इथला मऊ कवचाचा क्लॅम, युरोपातले कॉकल नावाचे शिंपले, कॅनडा, फ्रान्स, चिली, अर्जेंटिनाकडचे मसल, स्पेनजवळचे दोन-तीन प्रकारचे क्लॅम. त्या यादीत आपल्या तिसऱ्या, शिनाणे, कालवं नाहीत.

काळजी घ्यायची ती नेहमीचीच. गटाराचं पाणी जिथं खाडीत सुटतं तिथल्या घेऊ नयेत, मेलेल्या उघड्या शिंपा काढून टाकाव्यात, नीट शिजवाव्यात. आणि पाण्याला लाल-तपकिरी रंग आला असेल तेव्हा अजिबात घेऊ नयेत. त्या वेळी शिंपल्यांत साठणारं विष उकळूनही जात नाही. भीती बाळगायचीच तर या गोष्टींची बाळगावी.

---

कुतूहल | रविवार, सकाळी ७:३०

फार छान लिहिलंय. पण एक शंका. कर्करोगात पेशींचा डीएनए बदलतच असतो, उत्परिवर्तनं होतात. मग शिंपल्याच्या आणि त्याच्या कर्करोगाच्या डीएनएत फरक दिसला म्हणून तो बाहेरून आला असं कसं म्हणता येईल? त्याच शिंपल्याच्या पेशी बदलल्या असतील.

---

खाडीकाठची | रविवार, सकाळी ८:१५

ही शंका मलाही आली होती. उत्तर असं. कर्करोगात डीएनए बदलतो तो मूळ प्रतीवर बदलतो. एखाद्या वहीत कितीही खाडाखोड केली तरी ती कुणाची वही आहे हे अक्षरावरून कळतं. शिंपल्याच्या जनुकसंचात काही छोट्या पुनरावृत्त्या असतात, त्यांची लांबी प्रत्येकात निराळी. माणसांत वडील कोण हे ठरवायला वापरतात तसल्याच. आजारी शिंपल्याच्या मांसातल्या खुणा एक सांगत होत्या आणि द्रवातल्या कर्करोगपेशींतल्या खुणा भलतंच काही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनएही वेगळा निघाला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे न्यूयॉर्कच्या आणि प्रिन्स एडवर्ड बेटाच्या शिंपल्यांतले कर्करोग एकमेकांशी जवळजवळ जुळत होते, पण ज्यांच्या अंगात ते होते त्यांच्याशी नाही. खाडाखोड योगायोगाने इतकी सारखी होत नाही.

---

कुतूहल | रविवार, सकाळी ८:४०

वहीचं पटलं. म्हणजे पेशी त्या मूळ शिंपल्याला सोडून किती वर्षं जगताहेत?

---

खाडीकाठची | रविवार, सकाळी ९:०२

२०२३ मध्ये मेट्झगर यांच्याच गटाने या कर्करोगाचा संपूर्ण जनुकसंच वाचला. ते आता सिॲटलमध्ये काम करतात. बदल किती साठलेत यावरून काढलेलं वय: किमान दोनशे वर्षं. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली त्या सुमाराला किंवा त्याही आधी कुठल्यातरी शिंपल्याची एक पेशी बिघडली. तो शिंपला मेला, पण पेशी शेजाऱ्यात गेली, तिथून पुढच्यात, आणि आज माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवरच्या चिखलात ती असू शकते. आता तिचे दोन फाटे आहेत, एक अमेरिकेच्या किनाऱ्यावर, एक प्रिन्स एडवर्ड बेटाकडे.

थंड समुद्राच्या पाण्यात या पेशी अंगाबाहेर कित्येक आठवडे तग धरतात, हे प्रयोगशाळेत पाहिलं गेलंय. उबदार पाण्यात लवकर मरतात.

---

नाडीपरीक्षा | रविवार, दुपारी १२:२०

मी पशुवैद्य आहे, कोल्हापूर जिल्ह्यात. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण असा कर्करोग मी दर महिन्याला हाताळतो. समुद्राशी माझा संबंध नाही. मी कुत्र्यांबद्दल बोलतोय.

भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लोक 'इन्फेक्शन झालंय' म्हणून दगड मारून हाकलतात. ती गाठ समागमातून पसरते, कधी चाटण्या-हुंगण्यातूनही. आणि ती त्या कुत्र्याची नसते. कित्येक हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशी आहेत त्या. २०१९ मध्ये जगभरच्या गाठींचा अभ्यास झाला, त्यातला अंदाज चार हजार ते साडेआठ हजार वर्षं असा होता, आणि तो मूळ कुत्रा आशियातला असावा असं दिसलं. ज्या कुत्र्याची ही पेशी, त्याची जात, हाड, कातडं काही उरलं नाही, पण त्याचा डीएनए आज माझ्या दवाखान्याच्या टेबलावर येतो.

खाडीकाठची ताई, तुमच्या 'परक्या पेशीला शरीर मारतं' या मुद्द्याला मी थोडी जोड देतो. कुत्र्यालाही आपल्यासारखीच ओळखीची व्यवस्था आहे. तरी ही गाठ रुजते, कारण सुरुवातीला ती आपल्या खुणा लपवते. पुढे बऱ्याच कुत्र्यांत शरीर तिला ओळखतं आणि गाठ मागे हटते. तेव्हा माणसाला 'अशक्यच' असं म्हणण्यापेक्षा आपली व्यवस्था फार पक्की आहे आणि कर्करोगाच्या पेशींना एकातून दुसऱ्यात जायला रोजच्या जगण्यात वाट नाही, असं म्हणावं.

औषधाबद्दल सांगतो, मन भरून येतं म्हणून. या गाठीवर व्हिंक्रिस्टिन नावाचं इंजेक्शन देतो. आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध निघतं सदाफुलीपासून. कुंपणाशी, तुळशीजवळ, स्मशानाच्या भिंतीशी उगवणारी आपली सदाफुली! माणसांच्या ल्युकेमियातही, विशेषतः लहान मुलांच्या, हेच औषध वापरतात.

---

खाडीकाठची | रविवार, दुपारी १२:५५

डॉक्टर, तुमची दुरुस्ती मान्य. 'टिकतील कशा' हे मी आईच्या बाजूने बोलले, शास्त्राचं वाक्य तुमचंच बरोबर.

आईच्या कागदांवर ते नाव होतं. व्हिंक्रिस्टिन. आमच्या अंगणात सदाफुलीची रांग होती आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

---

निदान | रविवार, दुपारी ३:१०

मी रक्तविकारांच्या विभागात काम करते, मुंबईत. दोन गोष्टी नोंदवते, कारण हा धागा रुग्णांचे नातेवाईक वाचतील.

पहिली. 'कर्करोग पसरत नाही' आणि 'काही विषाणू पसरतात' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो, यकृताच्या कर्करोगामागे अनेकदा हिपॅटायटिस बी किंवा सी. तिथं पसरतो तो विषाणू. कर्करोग त्या व्यक्तीच्या स्वतःच्याच पेशींतून, अनेक वर्षांनी होतो, आणि सगळ्यांना होत नाहीच. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी दोन्हींवर लस आहे, ती घ्या. पण या विषाणूंसाठीसुद्धा कपबशी वेगळी करायचं कारण नाही.

माणसातून माणसात खुद्द कर्करोगाची पेशी गेल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत, अगदी मोजकी. अवयवरोपणात, जिथं आम्ही मुद्दाम प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो. क्वचित आईकडून पोटातल्या बाळाला. आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली एका शल्यचिकित्सकाची नोंद आहे: शस्त्रक्रिया करताना हाताला जखम झाली, आणि पुढे तिथं रुग्णाच्याच पेशींची गाठ आली. ती काढली आणि तो बरा झाला. या सगळ्यात पेशी थेट आत शिरली होती. चहातून, ताटातून, मिठीतून, एका अंथरुणात झोपून, नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी खूप उतरतात, तेव्हा आम्हीच नातेवाइकांना सांगतो की भेटायला गर्दी करू नका, मास्क लावा, भांडी स्वच्छ ठेवा. घरी गेल्यावर याचा अर्थ उलटा होतो. हे सगळं रुग्णाला तुमच्यापासून वाचवायला असतं. तुमची साधी सर्दी तिला जड जाऊ शकते. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले शिंपले, कालवं त्या काळात बंद, तेही त्याचसाठी, त्यातल्या जिवाणूंमुळे. केमोनंतर पहिले दोन दिवस लघवी-उलटी साफ करताना हातमोजे घाला असं सांगतो ते औषधाच्या अंशामुळे, आजारामुळे नाही. हे तिन्ही वेगवेगळं समजावून सांगायला ओपीडीत वेळ पुरत नाही, आणि तिथंच घोटाळा होतो. यात आमचीही चूक आहे असं मला मनापासून वाटतं.

---

उंबरठा | रविवार, संध्याकाळी ६:४५

निदान ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून रडू आलं.

माझ्या सासऱ्यांना ल्युकेमिया होता. डॉक्टरांनी भांड्यांचं सांगितलं आणि आम्ही त्यांचं ताट, वाटी, तांब्या सगळं वेगळं काढलं. मीच काढलं. मला वाटत होतं की मी मुलांना वाचवते आहे. नातवाला ते घास भरवायचे, ते मी बंद केलं. त्यांनी एकदाच विचारलं, 'माझ्या हातचं नको का गं?' मी म्हटलं डॉक्टरांनी सांगितलंय.

डॉक्टरांनी ते सांगितलं नव्हतं. आता त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. इतकंच लिहायचं होतं.

---

निदान | रविवार, संध्याकाळी ७:२०

उंबरठा, तुम्ही भांडी वेगळी आणि स्वच्छ ठेवलीत, लहान मुलं जवळ कमी येऊ दिलीत. लहान मुलांची सर्दी-खोकला या रुग्णांना खरोखर धोक्याचा असतो. कारण चुकीचं समजलं होतं, पण तुमच्या त्या काळजीने त्यांचे काही ताप टळले असण्याची शक्यता आहे. हे मी समजूत घालायला म्हणत नाही.

---

आरोसा | सोमवार, पहाटे २:०५

मी स्पेनच्या वायव्येला, गॅलिसियात असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथं खाडीला 'रिआ' म्हणतात. ओहोटीला बायका रांगेनं दाताळं आणि बादली घेऊन वाळूत उतरतात, कॉकल आणि क्लॅम काढतात. त्यांना मरिस्कादोरा म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं आपल्याच खाडीतल्या बायका, फक्त साडीच्या जागी रबरी पँट.

इथल्याच सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातल्या गटाने कॉकलच्या कर्करोगावर फार मोठं काम केलंय. अकरा देशांच्या किनाऱ्यांवरून सुमारे सात हजार कॉकल गोळा केले. स्पेन, पोर्तुगालपासून वर थेट उत्तरेपर्यंत. तेही २०२३ मध्येच प्रसिद्ध झालं. त्यांना दिसलं की कॉकलमध्ये असे दोन वेगळे कर्करोग फिरताहेत, दोन वेगळ्या मूळ शिंपल्यांचे. आणि त्या पेशींची अवस्था चक्रावून टाकणारी. निरोगी कॉकलच्या पेशीत ३८ गुणसूत्रं असतात. या पेशींत कुठं ११, तर कुठं ३५४! एवढी मोडतोड झालेली पेशी जगूच नये असं आपण मानतो. ती जगते आणि समुद्र ओलांडते.

आणखी एक. या पेशींचे मायटोकाँड्रिया जुने होऊन बिघडले की त्या ज्या शिंपल्यात शिरतात त्याचे उचलतात. असं किमान सात वेळा झाल्याचं दिसलं.

स्पेनच्या किनाऱ्यावरच एका क्लॅममध्ये जो कर्करोग आहे तो मुळात दुसऱ्याच जातीच्या क्लॅमचा निघाला, हे २०१६ मधलं. गंमत वाटेल, पण ज्या जातीत तो जन्मला ती त्याच वाळूत शेजारी राहते. फ्रान्समधल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या मसलमध्ये तर एकच कर्करोग सापडला, तोही तिसऱ्याच जातीच्या मसलपासून आलेला. मधे सगळा अटलांटिक. जहाजांच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्यांबरोबर गेला असावा असं संशोधकांना वाटतं.

पण ताई, एक सांगते. इथल्या मरिस्कादोरांना विचारलं तर त्या कर्करोगाचं नाव आधी घेत नाहीत. २०१२ मध्ये आरोसाच्या रिआमध्ये कॉकल जवळजवळ संपले, ते मार्तेइलिया नावाच्या एका परजीवीमुळे. एकपेशीय जीव, कर्करोगाशी संबंध नाही. कितीतरी बायकांचं उत्पन्न गेलं. शिंपले मेले की हल्ली जो तो 'कॅन्सर' म्हणतो, तसं करू नये.

---

खाडीकाठची | सोमवार, सकाळी ६:५०

आरोसा, हे फार चांगलं सांगितलंस. इथंही तसंच. आमचे आजोबा शिंपले कमी होण्याचं कारण विचारलं की आधी हिरव्या खेकड्याचं नाव घेतात. तो युरोपातून आलेला, पाणी तापत चाललंय तसा वाढलाय आणि कोवळे शिंपले फस्त करतो. कर्करोग त्यांच्या लेखी चौथा-पाचवा.

काल त्यांना या धाग्याबद्दल सांगितलं. त्यांनी मला एक दाखवलं जे त्यांना काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकाने शिकवलं होतं. शिंपल्याच्या स्नायूजवळ बारीक सुई घालून थेंबभर द्रव घ्यायचा आणि काचेवर ठेवून थोडा वेळ थांबायचं. निरोगी पेशी काचेला चिकटतात, पाय पसरल्यासारख्या पसरतात. कर्करोगाच्या पेशी गोल राहतात, चिकटत नाहीत, तरंगत राहतात. त्यांच्याकडे मुलीचा शाळेतला जुना मायक्रोस्कोप आहे. आम्ही पाच शिंपले पाहिले. पाचही चांगले होते, सगळ्या पेशी पाय पसरून बसलेल्या. ते शिंपले परत चिखलात ठेवून आलो.

---

कुतूहल | सोमवार, सकाळी ९:१०

मग उपाय? कुत्र्यांना इंजेक्शन देता येतं, समुद्राला कसं देणार?

---

खाडीकाठची | सोमवार, सकाळी ९:४५

समुद्राला औषध नाही. पण एका जागचे शिंपले तपासल्याशिवाय दुसऱ्या खाडीत नेऊन पेरू नयेत एवढं तरी करता येतं, कारण माणसाने हलवलेले शिंपले रोगही हलवतात. आता पाण्याच्या नमुन्यातूनही या पेशींचा डीएनए शोधता येतो, म्हणजे शिंपला न मारता कळतं. आणि काही शिंपल्यांत रोग मागे हटतो असंही दिसलंय. ते कसे वाचतात हा आता शोधाचा मोठा विषय आहे. मला त्याची उत्सुकता सगळ्यांत जास्त आहे.

---

तिरफळ | सोमवार, दुपारी १:३०

ताई, सासूबाईंना हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. निदान ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. आमच्या वाड्यातल्या एका काकींना छातीचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. गेले चार महिने सासूबाई त्यांच्याकडे गेल्या नव्हत्या. कारण मी कधी विचारलं नव्हतं, आज कळलं.

संध्याकाळी जाणार आहेत. मला सर्दी आहे म्हणून मला 'तू नको' म्हणाल्या. बाजारातून तिसऱ्याही आणल्यात, पण काकींसाठी त्या नाहीत, त्यांच्यासाठी मऊ भात आणि मुगाचं वरण करून नेताहेत.

---

खाडीकाठची | सोमवार, दुपारी १:५२

तिरफळ, तिथं चहा दिला तर त्यांना घ्यायला सांग. काकींच्या हातचा.

---

तिरफळ | सोमवार, रात्री ९:१८

घेतला. दोन कप.